घाईवाल्यांनी येऊ नये

सुभेदारांनी आम्हाला घर विकलं खरं, पण त्याआधी आम्ही ते घेऊ नये म्हणून माणसाला जेवढं करता येईल तेवढं त्यांनी केलं.

पलूसमध्ये त्यांना सगळे सुभेदारच म्हणत. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कॅनव्हासचे बूट ते अजून रोज सकाळी खडूनं पांढरे करत. ते बूट घालून मात्र फक्त अंगणात फिरत; बाहेर पडताना साध्या चपला. विचारलं तर म्हणत, "भाईर लय धूळ आस्ती." स्वयंपाक एकट्याचा, पण पातेलं फौजेतल्या लंगरचं, पलटणीला पुरेल एवढं. एका माणसाला मूठभर डाळ पुरते हे त्यांना कधी पटलंच नाही. उरलेली आमटी किटलीत घालून ते गल्लीत फिरत आणि कुणी नको म्हटलं तर घेईपर्यंत दारातून हलत नसत.

बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी साताऱ्याला दिलेली, ती सारखी बोलवत होती. गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा ते जायला तयार झाले आणि फाटकावर पत्र्याची पाटी लागली: 'घर विकणे आहे. दलालांनी व घाईवाल्यांनी येऊ नये.'

आम्ही घाईवालेच होतो. मी पलूसच्या शाळेत शिक्षिका, नवरा तासगावच्या एसटी आगारात मेकॅनिक. मुलांना घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि दिवाळीआधी खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. घर विकत कसं घेतात, हे आमच्या दोघांच्याही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे घर वडिलांकडून मिळे, नाहीतर गवंडी लावून बांधत. दुसऱ्याचं घर आपलं कसं करून घ्यायचं, ते सांगणारं कोणी नव्हतं.

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी आम्ही पहिल्यांदा गेलो. सुभेदार फाटकापाशी आले, दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता न्हाई. दुपारी या. ऐन उनाचं."

दुपारी गेलो तर त्यांनी आम्हाला माडीवरच्या खोलीत बसवलं आणि पंखा लावलाच नाही. घामानं पदर भिजला. ते मात्र समोर ताठ बसून होते.

"आसं तापतं," शेवटी म्हणाले. "वरचा स्लॅब पातळ हाय. उन्हाळ्यात ह्या खोलीत कुनी झोपू शकत न्हाई. आता खाली चला."

खाली न्हाणीत त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी मोरीकडं न जाता दाराकडं आलं, आमच्या पायांपर्यंत. "बघितलंसा? उतार उलटा हाय. रोज खराट्यानं वढायचं." मग पश्चिमेची खिडकी, जी पावसाळ्यात फुगते आणि लागत नाही. जिन्याखालची ओल. शेजारच्या म्हशींमुळं येणाऱ्या माशा. एखादा देवळातला पुजारी भाविकांना एकेक मूर्ती दाखवतो तसं ते आम्हाला घरातला एकेक दोष दाखवत होते.

माझ्या नवऱ्याला राहवेना. "काका, घर विकायचंय ना तुम्हाला?"

"व्हय तर. म्हनून तर दावतोय. पावनं, चांगलं काय हाय ते तुमाला राह्यल्यावर आपसूक कळंल. वंगाळ हाय ते आत्ता कळाय पायजे."

आमच्याआधी बरेच जण येऊन गेले होते. एकानं पाणी प्यायच्या आत किंमत विचारली, तो गेला. एकानं परसातला शेवगा तोडून गाडी कुठं लावता येईल ते बघितलं, तोही गेला. अशा माणसाला सुभेदार एकच शब्द म्हणत, "डिसमिस!" आणि स्वतः फाटकापर्यंत पोहोचवायला जात. आम्ही डिसमिस झालो नाही, याचं कारण मला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. खालच्या स्वयंपाकघरात गेल्यावर मी काही न बोलता ओट्यापाशी उभी राहिले होते आणि खिडकीतून बाहेर बघितलं होतं. तेवढ्यावरून त्यांनी ठरवलं की ही बाई घर बघायला आलीय, भिंती मोजायला नाही.

मग आषाढात, पावसाची झड लागली असताना, त्यांनी पुन्हा बोलावून घेतलं. छत कुठं गळतं ते बघायला. त्यानंतर शेजार. त्यांची पद्धत अशी की, एके दुपारी आमटीची किटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आज तुमी वाटा. शेजारी बघितल्याबिगर घर बघितलं म्हनू नगा."

म्हशीवाल्या काकूंनी पातेल्यात आमटी ओतून घेतली आणि हळूच विचारलं, "तुमास्नीबी बादली ओतून दावली का?" मग स्वतःच हसत सुटल्या. त्यांच्याकडूनच कळलं की बायको आजारी असताना सुभेदार तिला उचलून रोज माडीवर न्यायचे, कारण तिला तिथून उसाचे फड दिसत. ती गेल्यापासून ते माडीवर झोपलेच नाहीत. उन्हाळ्याचं कारण पुढं करत.

एवढं सगळं झाल्यावर त्यांनी फौजेतली काळी पेटी उघडली. "आता कागद."

कागद घेऊन आम्ही तासगावला वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आमची सगळी हकिगत ऐकून कपाळाला हात लावला. "उलटीकडनं सुरुवात केलीत तुम्ही. आधी कागद, मग आमटी!" मग त्यांनी मला समोर बसवून, एखाद्या मुलीला शिकवावं तसं सगळं सांगितलं. जमीन बिनशेती झालीय का ते बघायचं. बांधकामाला परवाना होता का ते बघायचं. घरावर कुणाचं कर्ज, कुणाचा दावा, कुणाचा वाटा आहे का, हे मागच्या नोंदी काढून शोधायचं. सगळं स्वच्छ निघालं की इसाराची आगाऊ रक्कम देऊन विक्रीच्या कराराचं साठेखत करायचं, ते दाखवून बँकेकडं कर्ज मागायचं. बँकेचा माणूस येऊन घर बघेल. कर्ज मंजूर झालं की खरेदीखत, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन नोंदवायचं. "आणि बाई, तिथं संपत नाही. फेरफार करून आपलं नाव लावून घ्यायचं, घरपट्टीवर, पाण्यावर, लाइटच्या मीटरवर. लोक खरेदी झाली की पेढे वाटतात आणि विसरतात."

मला त्या दिवशी पहिल्यांदा हायसं वाटलं. अंधारात जिना चढताना कुणीतरी पायरी दाखवावी तसं.

शोधात एकच खोट निघाली. मागची खोली विनापरवाना वाढवली होती. इतके दोष मिरवणाऱ्या सुभेदारांना हा एक दोष मात्र मनाला लागला. "माज्या खोलीला परवाना कशाला? मी काय सरहद्दीवर बांधलीया का?" असं दोन दिवस बडबडत राहिले आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं नगरपरिषदेत जाऊन ती खोली नियमित करण्याचा अर्ज देऊन आले. ते काम होईपर्यंत श्रावण संपला.

बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं मुद्दाम रजा काढली होती. तरी व्हायचं ते झालंच. त्या बिचाऱ्यानं दारात बूट काढले, तोवर सुभेदार बादली भरून तयार. "साहेब, न्हाणी बघा आधी." नवऱ्यानं त्यांना शेवग्याच्या शेंगा काढून द्या म्हणत परसात नेलं आणि तो माणूस जाईपर्यंत झाडाखाली अडकवून ठेवलं. "काका, आता गप्प बसा, नाहीतर बँक आम्हाला कर्जच देणार नाही," असं त्यानं सांगितलं तेव्हा ते खरोखर चकित झाले. "खोटं बोलायचं?" नवरा म्हणाला, "नाही. तो विचारेल तेवढंच बोलायचं." त्यांना हा फरक कितपत पटला कोण जाणे, पण शेंगा भरपूर मिळाल्या.

कर्ज मंजूर झालं. नोंदणीचा दिवस ठरवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा भाद्रपद निम्मा उलटला होता. आमच्या घरमालकानं माळ्यावरचं सामान आधीच आमच्या दारात आणून ठेवायला सुरुवात केली होती.

मी सांगितलं की खरेदीखताला साक्षीदार आणि कचेरीत ओळख पटवणारी माणसं लागतात. नवऱ्याचे आगारातले मित्र यायला तयार आहेत.

सुभेदार म्हणाले, "माजी वळख अक्का दील."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती शेजारच्या कुंडलला राहते हे आम्हाला माहीत होतं. ती त्यांच्याशी बोलत नाही हेही म्हशीवाल्या काकूंनी सांगितलं होतं.

"त्या येतील का?" मी विचारलं.

"आली न्हाई तर खरेदी न्हाई."

वकीलबाईंनी फोनवरून त्यांना समजावलं की घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, बहिणीची सही कुठंच लागत नाही, तिच्यावाचून कायद्यानं काही अडत नाही. सुभेदार शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्याडम, कायद्याला नगं आसंल. मला पायजे." आणि फोन माझ्या हातात दिला.

त्या संध्याकाळी माझा नवरा पहिल्यांदा त्यांच्यावर चिडला. इसार घेतलाय, बँकेनं दिलेली मुदत संपत चाललीय, आम्ही सामान घेऊन जायचं कुठं, असं बरंच बोलला. सुभेदारांनी बूट काढून बाजूला ठेवले आणि पायरीवर बसून सगळं सांगितलं.

वडील गेल्यावर जमिनीला बहीणभाऊ दोघांची नावं लागली होती. सुभेदार तेव्हा ऐन तारुण्यात, रजेवर आलेले. रजा संपत आली होती आणि हक्कसोडपत्र करून जमीन एकट्याच्या नावावर करून घ्यायची होती. "अक्का भुईमूग काडत हुती. तशीच उठवली. मातीचं हात घिऊन ती माज्या मागनं कचेरीत आली. जितं म्हनलं तितं सही क्येली. कसला कागद म्हनून इच्यारलंबी न्हाई. मला गाडी गाठायची हुती. तिला तितनंच एष्टीत बसवली. घरला ये म्हनलं न्हाई, भाकरी खा म्हनलं न्हाई. चोळीचा खण न्हाई." त्यांनी बाजूचे बूट आणखी लांब सरकवले. "त्यातली जमीन इकून ह्ये घर बांधलं. वास्तुशांतीला सांगावा धाडला, तर आली न्हाई. आजवर हिकडं पाय टाकला न्हाई तिनं."

परत येताना वाटेत नवरा म्हणाला, "रविवारी तू जा त्यांच्याबरोबर कुंडलला. बाईमाणूस असलेलं बरं."

अक्का अंगणात खाटेवर बसून घेवडा निवडत होत्या. भावाला पाहिलं आणि सूप जरा पुढं ओढलं, इतकंच. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्यास्नी इच्यार, च्या घेनार का म्हनून."

सुभेदार त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं, "घेतो म्हनावं."

अख्खं बोलणं माझ्यामार्फत झालं. मी घर, खरेदी, कचेरीतली ओळख, सगळं सांगितलं. अक्का ऐकत होत्या आणि शेंगा मोडत होत्या.

"तू घेनार हायस घर?"

"हो."

"तू बघितलंस?"

"बघितलं. उन्हात, पावसात, सगळीकडनं."

"मग मलाबी बघाय पायजे," अक्का म्हणाल्या. "बघितल्याबिगर सही क्येलीया मी एकदा. आता न्हाई करनार."

मी सुभेदारांकडं पाहिलं. मला वाटलं होतं त्यांना हे बोचेल. पण ते नुसते मान हलवत होते, एखाद्यानं बरोबर उत्तर ऐकल्यावर हलवावी तशी.

पुढच्या बुधवारी अक्का एसटीनं आल्या. मी शाळेतून लवकर निघून स्टँडवर गेले होते. सुभेदार फाटकात उभे, पायात पांढरे बूट. त्यांनी बहिणीला घर दाखवलं, अगदी आम्हाला दाखवलं होतं तसंच. बादली ओतली. खिडकी लावून दाखवली, ती लागली नाही. अक्का प्रत्येक ठिकाणी थांबून नीट बघत होत्या. माडीवर गेल्यावर त्यांनी भावजयीबद्दल विचारलं, अजून माझ्याकडंच बघून, "हितं झोपत हुती व्हय ती?" मी हो म्हटलं. खिडकीतून उसाचे फड दिसत होते. अक्का बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या.

खाली सुभेदारांनी पुरणपोळीचा घाट घातला होता. त्यांना पोळी लाटता येत नव्हती. प्रत्येक फाटलेली, पुरण बाहेर आलेलं. कटाची आमटी मात्र पन्नास माणसांना पुरेल इतकी. त्यांनी पाट मांडला, ताट वाढलं, तुपाची वाटी ठेवली. अक्कांनी ताटाकडं पाहिलं. मला क्षणभर वाटलं, उठतील.

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाकडं बघून बोलल्या.

"पुरान शिजलंय बरं. लाटायला कुनी सांगितलं हुतं तुला? माज्याफुडं आनून ठिवायचं."

सुभेदार जेवायला बसलेच नाहीत. वाढत राहिले. अक्का "बास की रं" म्हणाल्या तरी वाढत राहिले.

नोंदणीच्या दिवशी कचेरीत गर्दी होती आणि सर्व्हर बंद पडला होता. लोक कपाळावर आठ्या घालून फेऱ्या मारत होते. बाकावर बहीणभाऊ शेजारी बसून होते, फारसं न बोलता. मधेच अक्कांनी पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली आणि मधोमध ठेवली.

आमचा नंबर आला तेव्हा सुभेदारांचा अंगठा यंत्राला उमटेना. यंत्रावर बसलेली मुलगी म्हणे, पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा. बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. अक्का उठल्या, भावाचा हात आपल्या हातात घेतला आणि पदरानं अंगठा खसाखसा पुसला, लहान मुलाचं नाक पुसावं तसा. मग उमटला.

अधिकारी समोरचा कागद बघत, मान वर न करता म्हणाले, "आजी, या गृहस्थांना तुम्ही ओळखता का?"

तो नुसता प्रश्न होता, दिवसभर ते सगळ्यांना तोच विचारत असतील. पण अक्का लगेच बोलल्या नाहीत. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. सुभेदार सरळ समोर बघत उभे होते, हात शरीराला चिकटवून, परेडवर उभं राहावं तसे.

"वळखते," अक्का म्हणाल्या. "ह्याला काखंत घिऊन मी पानी भरलंय. मधी थोडी वरसं वळखत नव्हते. आता वळखते."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. मग जरा हसून म्हणाले, "इथं सही करा." अक्कांनी आधी विचारलं, "ह्यो कसला कागुद हाय?" त्यांनी सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर अक्कांनी पेन हातात घेतलं आणि एकेक अक्षर जपून काढत सही केली. मागच्या रांगेतला एक माणूस चुळबुळला. सुभेदारांनी वळून त्याच्याकडं असं पाहिलं की तो गप्प झाला.

किल्ल्या त्यांनी मला घरी येऊन दिल्या. त्याच दिवशी साताऱ्याला निघणार होते, पण अक्कांनी स्टँडवर परस्पर कुंडलचं तिकीट काढलं आणि सुभेदार महिनाभर तिकडंच राहिले. त्यांच्या मुलीचे मला फोन यायचे, "बाबा तुमच्याकडंच आहेत का अजून?" शेवटी गेले साताऱ्याला.

आम्ही राहायला आलो. न्हाणीचा उतार करून घेतला, खिडकी बदलली. शेवगा आहे. माडीवर मुलं झोपतात. उन्हाळ्यात खाली येतात. वकीलबाईंनी सांगितलेली कामं एकेक करून उरकली. फेरफार झाला, घरपट्टी झाली. लाइटचं मीटर तेवढं राहिलं होतं. त्याची आठवण सुभेदार साताऱ्याहून दर काही दिवसांनी फोन करून द्यायचे. जोवर बिलावर आपलं नाव येतंय तोवर आपण तुमच्या घरात फुकट राहतोय असं वाटतं, म्हणायचे.

पौषातल्या एका दुपारी अक्का आल्या, न सांगता. बाजाराला आले होते, म्हणाल्या. मी चहा ठेवला. "भावाचं घर हुतं तवा कवा आले न्हाई," त्या चहा पिता पिता म्हणाल्या, "आता तुज्याकडं यायला बरं वाटतंय. कुनाचा राग धरून यावं लागत न्हाई." मग "जरा टेकते" म्हणून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडव्या झाल्या, उशाला पिशवी घेऊन, आणि बघता बघता झोपल्या. हात तोंडाजवळ मुडपलेला. मी पडदा ओढून घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. सुभेदार.

"बाई, मीटरचं झालं का?"

"काका, अक्का आल्यात," मी हळू आवाजात म्हटलं. "बाहेरच्या खोलीत झोपल्यात. उठवू का?"

"नगं," ते म्हणाले, आणि त्यांचाही आवाज माझ्याइतकाच खाली आला होता. "झोपू दे. उठली की जेवू घालूनच लावून द्या."